नंबर माझा, कचरा कोणाचा?

आबा गेले त्याला दोन वर्षं झाली. मागच्या दिवाळीत जानेफळला गेलो, तेव्हा घर झाडताना आईनं फळीवरचा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा माझ्या पुढ्यात ठेवला. म्हणाली, "याचं काय कराचं ते आता तूच पाह्य. मले तं फेकवत नाही."

डब्यात नऊ चष्मे होते. आठ आबांचे आणि एक पणजीचा. पणजीचा चष्मा जाड भिंगाचा, हातात घेतला की दगडासारखा जड. मोतीबिंदू काढला की डोळ्यात नवं भिंग बसवण्याची पद्धत आपल्याकडं सर्रास नव्हती त्या काळातला. आबांच्या एका चष्म्याची दांडी काळ्या दोऱ्यानं बांधलेली. दोरा शिलाईचाच, कारण आबा शिंपी होते. चाळिशी लागली तेव्हापासून सुईत दोरा ओवायचा तर चष्मा हवाच. एकदा ऐन जूनमध्ये, शाळेच्या गणवेशांची कामं अंगावर असताना चष्मा फुटला. मेहकरहून नवा येईपर्यंत चार दिवस मशीन बंद राहिली. तेव्हापासून जुना चष्मा टाकायचा नाही हा घरातला नियम झाला. अडीनडीला असू द्यावा.

मी इंजिनिअर आहे, पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो आणि दिवसभर इतरांच्या प्रश्नांची उत्तरं शोधतो. मला वाटलं, नऊ चष्म्यांची नीट विल्हेवाट लावणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. आता सहा महिने होत आले. काम अजून संपलेलं नाही. ते का संपत नाही, हेच सांगायला हा लेख लिहितोय. मला सापडलेलं उत्तर चष्मे बनवणाऱ्या, विकणाऱ्या आणि नियम करणाऱ्या लोकांना आवडणार नाही, पण ते त्यांच्यासाठीच आहे.

*

पहिला प्रयत्न भंगारवाल्याकडं. त्यानं एक धातूची फ्रेम हातात घेतली, स्क्रू सैल केला, अंगठ्यानं दाबून दोन्ही काचा बाहेर काढल्या आणि माझ्या तळहातावर ठेवल्या. "फ्रेमी देऊन टाका भाऊ, घेतो. हे तुमचं तुमच्याकडंच ठेवा. याले कोनी इचारत नाही." जो माणूस फुटक्या बादलीला, गंजलेल्या खिळ्याला आणि रिकाम्या खताच्या गोणीला भाव देतो, त्यानं भिंगाला शून्य भाव दिला. भंगाराच्या बाजारात शून्य भाव म्हणजे उकिरडा.

दुसरा प्रयत्न मेहकरच्या चष्म्याच्या दुकानात. दुकानदार काका पन्नाशीचे, आबांना ओळखणारे. डबा उघडला तर ते एकेका चष्म्याची काच काउंटरवर हलकेच आपटून ऐकू लागले. "ही काच. हे फायबर. हेही फायबर. ही पॉली." पाच मिनिटांत नऊ चष्म्यांची जात सांगून मोकळे. मी विचारलं, जुन्या काचा तुम्ही परत घेता का? ते हसले आणि मला आत घेऊन गेले. आत काच घासायचं मशीन होतं. खालची बादली पांढऱ्या गाळानं भरलेली. शेजारच्या डब्यात नव्या फ्रेममधून काढलेल्या डमी काचा, कंपनीचं नाव छापलेल्या, एकदाही कोणाच्या डोळ्यासमोर न आलेल्या. "तुझ्या आजोबाच्या सतरा-अठरा काचा घेऊन काय करू बाबा? माझंच हे कुठं टाकू ते सांग."

हा गाळ मला नवा होता. आपल्याला चष्मा मिळतो तो फ्रेमच्या आकाराचा. पण भिंग कारखान्यातून येतं ते गोल चकतीच्या रूपात, साधारण ७० मिलिमीटर व्यासाची. दुकानदार ती फ्रेमच्या मापानं घासतो. हिशोब सोपा आहे. ७० मिलिमीटरच्या चकतीचं क्षेत्रफळ सुमारे ३,८५० चौरस मिलिमीटर. ५० बाय ३६ च्या, कोपरे गोलावलेल्या भिंगाचं सुमारे १,६००. म्हणजे निम्म्याहून अधिक भिंग ग्राहकाच्या नाकावर बसण्याआधीच चुरा होऊन पाण्यात जातं. दोन मिलिमीटर जाडी धरली तर एका भिंगामागं जवळपास सहा ग्रॅम. दिवसाला दहा चष्मे करणारं दुकान धरा, वर्षाचे तीनशे दिवस धरा. छत्तीस किलो प्लॅस्टिकचा भुगा, एका दुकानातून. बहुतेक ठिकाणी त्याची वाट एकच असते, ती म्हणजे नाली.

तिसरा प्रयत्न पुण्यात. आमच्या सोसायटीत कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंसमोर मी काचांची पिशवी धरली.

"काय आहे दादा?"

"चष्म्याच्या काचा."

"काच वेगळी द्या. हाताला लागते."

"तशी काच नाही, प्लॅस्टिक आहे."

"मग काच का म्हणता?"

त्या पुढं गेल्या. मी पिशवी घेऊन जिन्यात उभा.

*

ताईंचा प्रश्न बिनतोड होता. आपण काच का म्हणतो? "काच बदलून आणली", "काचेला चरा पडला", "काचा जाड झाल्या". आज दुकानात विकल्या जाणाऱ्या बहुतेक चष्म्यांत काच नसतेच. वस्तू बदलली, शब्द तोच राहिला. एरवी हे भाषेचं गमतीदार निरीक्षण म्हणून सोडून दिलं असतं. पण कचऱ्याच्या बाबतीत नाव चुकलं की रस्ता चुकतो. काच म्हणून बाटल्यांत गेलं तर बाटल्यांचा माल बिघडतो. प्लॅस्टिक म्हणून प्लॅस्टिकमध्ये गेलं तर तो माल बिघडतो.

काउंटरवर आपटून जात ओळखायला काकांचा कान हवा. माझ्याकडं तो नव्हता, म्हणून मी आईच्या स्वयंपाकघरात प्रयोग केला. खऱ्या काचेचे तीन चष्मे हाताला जड आणि गार लागतात, ते आधीच बाजूला काढले. उरलेल्या सहा चष्म्यांच्या काचा बारीक स्क्रूड्रायव्हरनं सोडवल्या. साखर आणि पाणी समान वजनाचं घेऊन पाक केला, थंड होऊ दिला. अशा पाकाची घनता साधारण १.२३ भरते. पॉलीकार्बोनेटची घनता १.२०, ते तरंगतं. ज्याला दुकानदार फायबर म्हणतात त्या सीआर-३९ ची १.३० च्या थोडी वर, ते बुडतं. एकेक काच ओली करून, बुडबुडे पुसून पाकात सोडली. दोन तरंगल्या, नऊ बुडाल्या. आई म्हणाली, "झाली परीक्षा? मंग या पाकाचं काय करू आता?"

दोन अधिक नऊ अकरा. सहा चष्म्यांच्या बारा हव्यात. दोरा बांधलेल्या चष्म्याची एक काच नव्हती. आईला विचारलं तर ती सहज म्हणाली, "ते तं मागंच फुटलं होतं. पाणी तापवायच्या चुलीत टाकलं म्या. प्लॅस्टिक लवकर पेटते." गावात कचऱ्याचं पुढं काय होतं हे वेगळं सांगायची गरज नाही. आपल्याच चुलीत जातो आणि आपल्याच आईच्या छातीत.

*

आता ही भिंगं कशाची असतात ते बघू, कारण सगळा घोळ तिथं आहे.

सीआर-३९ चं पूर्ण नाव कोलंबिया रेझिन ३९. अमेरिकेत १९४० च्या सुमारास एका रसायन कंपनीनं पारदर्शक राळेची अनेक मिश्रणं करून पाहिली, त्यातलं हे एकोणचाळिसावं. दुसऱ्या महायुद्धात ते विमानांच्या कामी आलं आणि १९४७ मध्ये त्याची चष्म्याची भिंगं बनू लागली. काचेच्या जवळपास निम्म्या वजनाचं, सहजी न फुटणारं. नाकावर काच घेऊन फिरणाऱ्या माणसांवर या राळेचे उपकार आहेत, हे मी आधीच मान्य करतो.

पण तिचा एक गुण नेमका मरणोत्तर आड येतो. प्लॅस्टिकच्या ढोबळ दोन जाती असतात. एक गुळासारखी, तापवली की वितळते, ओतली की पुन्हा ढेप होते. पॉलीकार्बोनेट या जातीतलं. दुसरी भाकरीसारखी. पीठ मळलं, थापलं, तव्यावर भाजलं. आता ती भाकरी कितीही तापवा, तिचं पुन्हा पीठ होत नाही, ती करपते. सीआर-३९ ही भाकरी आहे. तांत्रिक भाषेत थर्मोसेट. तिला वितळवून दुसरी वस्तू करता येत नाही, म्हणून भंगारवाला तिला भाव देत नाही. त्याला रसायनशास्त्र माहीत नसेल, पण बाजार माहीत आहे आणि त्याचं उत्तर अचूक आहे.

मग गुळाची जात तरी परत वापरतात का? तत्त्वतः हो. प्रत्यक्षात भिंगावर ओरखडे पडू नयेत म्हणून एक कठीण लेप असतो, त्यावर चकाकी मारण्यासाठी सिलिकॉन, झिर्कोनियम, टायटॅनियम यांच्या ऑक्साइडचे अतिशय पातळ थर असतात, त्यावर पाणी आणि बोटांचे ठसे न धरणारा आणखी एक. हे सगळं खरवडल्याशिवाय आतलं प्लॅस्टिक शुद्ध मिळत नाही. खऱ्या काचेचंही तेच. चष्म्याची काच आणि बाटलीची काच यांची घडण वेगळी, एकत्र वितळवली तर बाटलीत दोष राहतात. जुन्या दुहेरी भिंगांत वाचायच्या चंद्रकोरीसाठी शिसं किंवा बेरियम असलेली काच वापरत. आमच्याच जिल्ह्यात लोणारला उल्केच्या आघातानं वितळलेल्या दगडाची काच हजारो वर्षांनंतर आजही सापडते. पणजीच्या भिंगाला उकिरड्यावर कुजायची घाई नाही.

*

हे सगळं मी मित्रांच्या ग्रुपवर टाकलं. पाच मिनिटांत उत्तर आलं. "दान कर ना यार, गरिबांना होतील."

हे उत्तर इतकं गोड आहे की त्यावर कोणी थांबून विचार करत नाही. १९२५ मध्ये हेलन केलर यांनी लायन्स क्लबच्या मंडळींना अंधत्वाविरुद्ध लढायचं आवाहन केलं, तेव्हापासून जगभर जुने चष्मे गोळा करण्याची परंपरा वाढत गेली. हेतूबद्दल शंका नाही. शंका गणिताबद्दल आहे.

मी प्रोग्रॅमर आहे, मोजून बघतो. नंबर उणे सहा ते अधिक सहा, पाव-पावच्या टप्प्यानं. ४९ शक्यता. तिरका नंबर, म्हणजे सिलिंडर, शून्य ते दोन. सिलिंडर असेल तर त्याचा कोन, पाच-पाच अंशांच्या टप्प्यानं धरला तरी ३६ प्रकार. एका डोळ्याच्या शक्यता १४,१६१. दोन डोळ्यांच्या मिळून वीस कोटी. खरंय, दोन्ही डोळ्यांचे नंबर बहुधा जवळचे असतात आणि थोडा फरक चालवून घेता येतो, त्यामुळं प्रत्यक्ष आकडा इतका भयंकर नाही. पण माझ्या आबांचा चष्मा अनोळखी माणसाच्या डोळ्यांना नेमका बसेल, ही आशा म्हणजे लॉटरी आहे.

हे कोणी तपासलंही आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दान आलेले २७५ चष्मे पाहिले गेले. वापरण्याजोगे निघाले सात टक्के. धुणं, मोजणं, वर्गवारी, वाहतूक धरली तर असा एक वापरता येणारा चष्मा पोचवायला नव्या तयार चष्म्याहून जास्त खर्च येतो, असा त्याचा निष्कर्ष. अंधत्व निवारणासाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या संघटनेनंही जुने चष्मे स्वीकारू नका, अशीच शिफारस केली आहे.

गरिबाला हवा असतो नवा, स्वस्त, त्याच्या नंबरचा चष्मा. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी लागलेल्या ७५१ कामगारांवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये 'द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आला. जवळचं दिसायचा साधा चष्मा दिलेल्यांची उत्पादकता न दिलेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. मशीन बंद ठेवून चार दिवस मेहकरच्या चष्म्याची वाट बघणाऱ्या शिंप्याच्या नातवाला हे समजून घ्यायला लॅन्सेटची गरज नव्हती. पण आकडा हाताशी असलेला बरा. आबांना कोणाचा उतरलेला चष्मा नको होता. दान करायचंच असेल तर पैसे द्या. जुना चष्मा दिला तर आपल्या घरातला कचरा दुसऱ्याच्या घरी जातो आणि आपल्याला पुण्य केल्यासारखं वाटतं, एवढंच.

*

आता एक गंमत. २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत अभियान सुरू झालं. त्याचं बोधचिन्ह कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांनी केलेलं, आपल्याच महाराष्ट्रातलं. चिन्ह काय, तर गांधीजींचा चष्मा. गेली दहा-अकरा वर्षं हा चष्मा शौचालयांच्या दारांवर, कचऱ्याच्या गाड्यांवर, कचराकुंड्यांवर आहे. देशातल्या प्रत्येक कचरापेटीवर चष्म्याचं चित्र, आणि चष्मा कोणत्या पेटीत टाकायचा हे मात्र कुठंच लिहिलेलं नाही.

चष्म्याला किंमत नसते असंही नाही. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमातून गांधीजींचा चष्मा चोरीला गेल्याचं २०११ मध्ये उघड झालं. २०२० मध्ये त्यांचा म्हणून सांगितलेला एक चष्मा इंग्लंडमध्ये २ लाख ६० हजार पौंडांना लिलावात गेला. माणूस मोठा असला की त्याच्या चष्म्याचा वारसा होतो. जानेफळच्या शिंप्याच्या चष्म्याचा कचरा होतो, आणि तो कोणत्याही यादीत बसत नाही.

नियम नाहीत असंही नाही. २०१६ चे प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियम वाचले. त्यात प्लॅस्टिकच्या व्याख्येत पॉलीकार्बोनेटचं नाव आहे. थर्मोसेट कचऱ्याची विल्हेवाट केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लावावी, असं कलम आहे. त्या सूचनाही त्याच वर्षी निघाल्या. असा कचरा सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून वापरावा, हा त्यांचा मुख्य मार्ग. तिथं तापमान १,४०० अंशांच्या वर असतं आणि राख सिमेंटमध्येच सामावते. याला मी पुनर्वापर म्हणणार नाही. ते जाळणंच आहे, फक्त चुलीपेक्षा शहाणं. पण भाकरीच्या जातीच्या प्लॅस्टिकला आज तेवढा तरी रस्ता आहे. आणि आमच्या विदर्भात सिमेंटच्या भट्ट्यांची वाण नाही. चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूर, आवारपूर, घुग्घुस या नावांबरोबर सिमेंटच आठवतं.

म्हणजे एका टोकाला मेहकरच्या दुकानातली बादली आहे, दुसऱ्या टोकाला चंद्रपूरची भट्टी. मधला रस्ता कोणी बांधायचा?

याचं उत्तर २०२२ मध्ये मिळायला हवं होतं. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीचे नियम आले. जो प्लॅस्टिक बाजारात आणतो, त्यानंच ते गोळा करून मार्गी लावायचं. तत्त्व उत्तम. पण लागू कशाला? वेष्टनाला. म्हणजे चष्मा ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून आला, ती पिशवी कंपनीची जबाबदारी. पिशवीतलं भिंग कोणाचीच नाही. नारळाच्या शेंडीचा हिशोब ठेवायचा आणि करवंटी वाऱ्यावर सोडायची, असा हा न्याय आहे.

*

इथं हमखास येणारा आक्षेप मला माहीत आहे. चष्म्याच्या भिंगांचं वजन ते किती? गुटख्याच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या, ठिबकच्या नळ्या, एवढा डोंगर पडलेला असताना हा हट्ट कशाला?

वजनाचा मुद्दा मान्य. भिंग हा डोंगर नाही. पण मी भिंगाकडं बोट दाखवतो ते त्याच्या वजनासाठी नाही. तुमच्या घरात प्लॅस्टिकची अशी दुसरी वस्तू दाखवा जिची इतकी बारीक नोंद आहे. भिंग तुमच्या नावानं, तुमच्या मोबाइल नंबरवर, पाव-पावच्या अचूकतेनं, अंशांतल्या कोनासह मागवलेलं असतं. कोणत्या दुकानातून, कोणत्या घाऊक व्यापाऱ्याकडून, कोणत्या तारखेला, सगळं लिहिलेलं. शिवाय ग्राहक नंबर बदलला की पुन्हा दुकानात येतो, बहुधा जुना चष्मा नाकावर घालूनच. गुटख्याची पुडी कोणी परत दुकानात आणत नाही. चष्मा स्वतःच्या पायांनी परत येतो. कचरा परत घ्यायला याहून सोपी वस्तू नाही. ती सुद्धा आपल्याला परत घेता येत नसेल, तर बाकीच्या डोंगराबद्दलची भाषणं बंद करावीत.

आणि अडचण तंत्राची नाही. एवढी बारीक नोंद असलेल्या वस्तूवर ती कशाची बनलीय हे लिहिलेलं नसतं. आमच्या धंद्यात याला मेटाडेटा हरवणं म्हणतात. डेटा आहे, पण तो काय आहे ते सांगणारी चिठ्ठी नाही, म्हणून तो निरुपयोगी. "लिहिणार कुठं, भिंग तर पारदर्शक हवं" असं कोणी म्हणालं तर त्याला प्रोग्रेसिव्ह भिंग उजेडासमोर तिरकं धरायला सांगा. त्यावर बारीक वर्तुळं, वाचायचा नंबर आणि कंपनीची खूण कोरलेली असते. घालणाऱ्याला ती कधी दिसत नाही. काही कंपन्या तिथंच भिंगाचा अपवर्तनांकही कोरतात. स्वतःची खूण कोरता येते, तर कशाचं भिंग ते दोन अक्षरांत कोरायला काय होतं?

परत घेण्याचा रस्ताही नव्यानं शोधायचा नाही. अमेरिकेत बॉश अँड लॉम्ब कंपनीनं २०१६ मध्ये कॉन्टॅक्ट लेन्स आणि त्यांची वेष्टनं परत गोळा करायला सुरुवात केली, डोळ्यांच्या डॉक्टरांकडं पेटी ठेवून. अशा योजनांत जाहिरातीचा वाटा मोठा असतो, हे खरं. पण पेटी कुठं ठेवायची हा प्रश्न तिथं सुटलेला दिसतो. जिथून वस्तू मिळाली तिथंच. मेहकरच्या काकांकडं भिंगांचं पार्सल येतच असतं. ते पार्सल परत जाताना रिकामं जातं.

*

माझं स्वतःचंही सांगितलं पाहिजे, नाहीतर हा लेख गावाकडच्या लोकांना उपदेश करणाऱ्या पुणेकराचा होईल.

आबांचे आठ चष्मे साधारण चाळीस वर्षांचे. माझे पाच वर्षांत सात. ऑनलाइन एकावर एक मोफत मिळतो म्हणून दोन-दोन मागवले. त्यातले दोन बिननंबरी, निळा प्रकाश अडवणारे, कारण ऑफिसात सगळ्यांकडं होते. २०२३ मध्ये कॉक्रेननं अशा भिंगांवरच्या सतरा चाचण्यांचा आढावा घेतला. स्क्रीनमुळं डोळ्यांवर येणारा ताण साध्या भिंगांच्या तुलनेत त्यांनी कमी होतो, असं काही त्यात दिसलं नाही. म्हणजे मी अजून न आलेल्या रोगासाठी, काम न करणारं औषध, एकावर एक मोफत घेतलं. काही दिवस कॉन्टॅक्ट लेन्सही वापरल्या आणि बेसिनमध्ये सोडून दिल्या. मी एकटा नाही. अमेरिकेतल्या एका पाहणीत १५ ते २० टक्के लोक तेच करताना आढळले.

म्हणून मी वैयक्तिक जबाबदारी नाकारत नाही. पण तिची हद्द कुठं संपते ते सांगतो. कमी चष्मे घेणं माझ्या हातात आहे. फ्रेम धड असेल तर तीच ठेवून फक्त भिंगं बदलणं माझ्या हातात आहे. सिमेंटच्या भट्टीशी करार करणं माझ्या हातात नाही. ते ज्याच्या हातात आहे तो मला "जबाबदार ग्राहक व्हा" असं सांगतो, तेव्हा तो स्वतःचं काम माझ्या आईच्या चुलीवर ढकलत असतो.

मागण्या तीनच आहेत. भिंगाच्या पावतीवर ते कशाचं आहे हे लिहा. प्रत्येक दुकानात जुन्या काचा, डमी काचा आणि मशीनचा गाळ यासाठी वेगवेगळी भांडी ठेवा, आणि ती उचलायचा खर्च दुकानदारावर न टाकता भिंग बनवणाऱ्यावर टाका. उत्पादकाच्या जबाबदारीच्या नियमांत वेष्टनाबरोबर आतली वस्तूही घ्या. चष्मा दहा-वीस रुपयांनी महागला तर महागू द्या. आज तो खर्च नाहीसा झालेला नाही, तो फक्त नाली आणि धुराच्या नावावर लिहिला जातोय.

परवा पुन्हा मेहकरला गेलो होतो. आबांच्या आणि पणजीच्या सतरा काचा तीन पिशव्यांत भरून, वर चिकटपट्टी लावून नेल्या. काच सहा, फायबर नऊ, पॉली दोन. काकांनी पिशव्या पाहिल्या, थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग काउंटरखालून औषधाच्या तीन रिकाम्या बरण्या काढल्या. "ठेवून घेतो. न्यायला कोण येईल ते मले माहीत नाही." मलाही माहीत नव्हतं. पण तिथं उभा असतानाच एक मुलगा आईला घेऊन चष्मा बनवायला आला होता. काकांनी पावती फाडायला घेतली आणि माझ्याकडं बघून नंबराच्या खाली एक शब्द वाढवला. फायबर.

दोरा बांधलेली फ्रेम मी परत आणलीय. ती कचरा नाही. पुढच्या वेळी तुम्ही चष्मा करायला जाल, तेव्हा तो एक शब्द तुमच्याही पावतीवर लिहून मागा, आणि जुनी काच तिथंच काउंटरवर ठेवून या. दुकानदार विचारेल, हिचं मी काय करू? त्यालाही हाच प्रश्न पार्सल घेऊन येणाऱ्याला विचारायला सांगा. विचारत विचारत हा प्रश्न एक ना एक दिवस कारखान्याच्या दारात जाऊन उभा राहील.